मोकळ्या सोडलेल्या आठ ओळी

परीक्षेचे दिवस आले की लोकांना काय काय आठवतं. कुणाला आंब्याचा मोहर आठवतो, कुणाला पेपराला निघताना आईनं हातावर ठेवलेलं दही. मला आंबलेल्या दुधाचा वास येतो. खरंच येतो. फेब्रुवारी संपत आला की जालना रोडवर ऊन चरचरायला लागतं, औरंगाबादेत मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत पोरं-पोरी छातीशी वह्या धरून अभ्यासिकेकडं निघतात, आणि मला सकाळी चहाच्या आधीच तो वास येतो. दुधाचे कॅन विसळलेलं पाणी उन्हात वाळताना येतो, तसा. घरातलं दूध चांगलं असतं. तरी मी दोनदा पातेलं हुंगून बघते. मुलगा म्हणतो, "आई, दरवर्षी काय गं हे तुझं?" काय सांगू त्याला, कप्पाळ!

गल्लीतल्या त्या अभ्यासिकेला काचेचं दार आहे. आत प्रत्येकाला वेगळा कप्पा, कप्प्यात छोटा दिवा, भिंतीवर 'शांतता राखा'. आत बसलेल्या एकाही पोराला वाटत नसेल की अशी जागा मिळणं ही काही मोठी गोष्ट आहे. वाटूही नये. बसायला चार हात जागा आणि डोक्यावर उजेड, एवढं तर लेकरांना न मागता मिळायला हवं. आम्हाला ते मागावं लागलं होतं. मिळालंही होतं. आणि मग माझ्याच हातानं ते गेलं.

आमचं गाव करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत तासभर चालायचं. मी दहावीला होते, तेव्हा गावात एकच फोन होता आणि तो सरपंचांच्या ओसरीवर कापड झाकून ठेवलेला असायचा. दहावीच्या वर्गात आम्ही अकराजण. त्यांत पोरी पाच. आणि त्या पाचांत माझी कौसा.

कौसाचं घर म्हणजे पिठाची गिरणी. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या खोलीत माणसं, मधे दार नाही. लाइट आली की गिरणी सुरू व्हायची आणि लाइट असेपर्यंत बंद पडायची नाही. तिचा बाप पट्ट्याजवळ, आई चाळणीजवळ, आणि कौसा डबे उतरवायला, डबे चढवायला. घरभर पीठ. कौसाच्या भुवयांवर, पापण्यांवर, वहीच्या पानांवर पीठ. बीजगणिताची वही उघडली की ती आधी फुंकर मारायची. गणितात हुशार होती पोरगी, तोंडी हिशेब माझ्या आधी करायची. इंग्रजी मात्र तिला पाठ केल्याशिवाय येत नसे, आणि पाठ करायला स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा लागतो. त्या घरात तो कसा ऐकू येणार?

बापानं तिला स्पष्ट सांगितलं होतं. "पास झालीस तर औरंगाबादला कॉलेजात घालतो. नापास झालीस तर लगीन. मला दुसऱ्यांदा सांगायचं नाय." माणूस शब्दाचा पक्का होता. दोन्ही बाजूंनी पक्का, हीच तर भीती होती.

गावाच्या मधोमध चावडी होती. दगडी, एका खोलीची, पुढं चार पायऱ्या. निजामाच्या अंमलात तिथं शेतसाऱ्याची दप्तरं असायची. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दप्तरं तालुक्याला गेली आणि चावडी रिकामी पडली ती पडलीच. पायऱ्यांवर म्हातारे पत्ते कुटत बसायचे आणि आत शेळ्या. आम्ही अकराजणांनी दिवाळीच्या सुट्टीत ती खोली झाडली. पाच दिवस लागले. लेंड्या काढल्या, कोळिष्टकं काढली, पांढऱ्या मातीनं भिंती सारवल्या, पोरांनी छपरावर चढून कौलं नीट केली. मग सरपंचांकडं गेलो. सरपंचांना सगळं गाव आबा म्हणायचं. पांढराशुभ्र सदरा, तोंडात सदा बडीशेप, बोलणं गोड.

आबा स्वतः बघायला आले. खोलीत उभं राहून चहूकडं बघितलं आणि म्हणाले, "लेकरांनो, लई झ्याक काम केलंत. बसा इथं अभ्यासाला. पर एक ध्यानात ठेवा. हक्क मागायचा तर जबाबदारी घ्यावी लागती."

"घेतो की आबा," आम्ही एका सुरात म्हणालो.

आणि घेतली! अहो, काय काय म्हणून घेतलं. चावडीसमोरची नाली आम्ही काढायची. पंधरा ऑगस्टला लावलेल्या झाडांना पाणी आम्ही घालायचं. डोस पाजायचा दिवस आला की घरोघरची लहान पोरं आम्ही गोळा करायची. पाहुणे आले की खुर्च्या आम्ही मांडायच्या. कुणाचा दाखला, कुणाचा अर्ज, म्हाताऱ्यांची पत्रं आम्ही लिहायची. गावाला अकरा बिनपगारी शिपाई मिळाले. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, उलट छाती फुगायची. बदल्यात खोली मिळाली होती, एक पिवळा बल्ब मिळाला होता, आणि कुलपाची किल्ली. किल्ली माझ्याकडं, कारण मी शहाणी. लाल नाड्यात ओवून मी ती गळ्यात घालायचे.

ती थंडी, आणि थंडी सरल्यानंतरचे ते दिवस! मला अजून कळत नाही, इतक्या थोड्या दिवसांत इतकं सुख कसं मावलं. पहाटे पाचला मी कुलूप काढायचे. कौसा आधीच पायरीवर बसलेली असायची, आईची शाल डोक्यावरून घेऊन. रानातून शाळूच्या ताटांचा गोडसर वास यायचा. चावडीमागं चिंचेचं झाड होतं, वारा सुटला की पिकलेल्या चिंचा कौलांवर टपटप पडायच्या आणि पोरं पुस्तकातून मान वर करायची. कौसा ओढणीच्या गाठीत भाजलेले हरभरे आणायची. एक दाणा तोंडात टाकायचा आणि एक वाक्य म्हणायचं, अशी तिची रीत. इंग्रजीतला निबंध 'माझं गाव' तिनं त्या खोलीत पन्नास-साठ वेळा तरी म्हटला असेल. "माय व्हिलेज इज अ ब्यूटिफुल व्हिलेज." डोळे मिटून, मागं-पुढं डोलत. "द पीपल ऑफ माय व्हिलेज आर व्हेरी काइंड." आम्ही हसायचो. ती डोळे न उघडता म्हणायची, "हसा रे, हसा. पास हून दाखवते तुमाला."

संध्याकाळी दिवेलागणीला परत तिथंच. तासभर म्हणता म्हणता दोन तास. कौसाचा बाप एकदा खिडकीतून डोकावून गेला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे डबे तो स्वतः उतरवायला लागला. कौसानं मला हे तीनदा सांगितलं.

आता माझ्या अक्षराबद्दल सांगते. ते सुंदर होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, चिडून सांगते. वळणदार, एकसारखं, ओळ कुठं वरखाली नाही. आमच्या ग्रामसेवकांना, म्हणजे भाऊसाहेबांना, ते भारी आवडायचं. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ग्रामसभेत काय ठरलं ते ज्या जाडजूड वहीत लिहितात, तिला प्रोसिडिंग म्हणतात. सव्वीस जानेवारीच्या सभेचं प्रोसिडिंग भाऊसाहेबांनी मला लिहायला दिलं. दहावीतल्या पोरीला! मी हरखून गेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गोष्ट चार घरं फिरून सांगितली.

झेंडा झाला, आम्ही गाणं म्हटलं, जिलेबी वाटली, मग सभा. सभेला माणसं किती? हाताच्या बोटांवर मोजून वर थोडी. शाळू काढणीला आलेला, कोण बसतंय! अर्ध्या तासात सतरंजी रिकामी. हे दरवर्षीचंच होतं, आणि त्यावरचा उपायही दरवर्षीचाच. सभा झाली असं धरायचं आणि वही घरोघर फिरवून सह्या-अंगठे घ्यायचे. आणि फिरवणार कोण? जबाबदारी घेतलेली लेकरं.

"मंदे, इषय लिहून झाले का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"झाले, भाऊसाहेब. पाणी, रस्ता, शाळेची भिंत."

"आता खाली लिही, ऐनवेळचे विषय. आन् त्याच्याखाली आठ ओळी मोकळ्या सोड. मंग सह्या."

"मोकळ्या कशाला?"

"आगं, ऐनवेळी काय निघंल सांगता येतं का? सोडायच्या आसत्यात. समदीकडं सोडत्यात."

मी पट्टीनं मोजून आठ ओळी सोडल्या. पट्टीनं! एक कमी नाही, एक जास्त नाही.

दोन दिवस आम्ही फिरलो. वही माझ्याकडं, शाईचा पॅड कौसाकडं. काय ऐट होती आमची! गोठ्यात धार काढणाऱ्याकडं जायचं, खळ्यावर कणसं मळणाऱ्याकडं जायचं, आडावर जायचं. कुणी वाचलं नाही. अण्णांना मी म्हणाले, "वाचा तरी." ते म्हणाले, "माझ्या लेकीनं लिव्हलंय, त्यात वाचायचं काय?" आणि सही ठोकली. कौसाच्या आईचे हात पिठानं माखलेले होते. कौसानं तिचा अंगठा आपल्या ओढणीनं पुसला, शाईत टेकवला आणि स्वतः धरून कागदावर दाबला. "नीट उठला बघ," ती आईला म्हणाली. आई हसली. आपण वहीत आलो, याचं तिला अप्रूप वाटलं असावं.

सही आमची कुठंच नव्हती. आमची चालत नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय ग्रामसभेला तुम्ही माणूसच नसता. चौदाव्या वर्षी नाली काढायला चालता, पंधराव्या वर्षी अख्ख्या गावाची सभा आपल्या पायांनी दारोदार फिरवून पुरी करायला चालता, पण बोलायला चालत नाही. तेव्हा हे मला खटकलंसुद्धा नाही. आता खटकतं, आणि आता मी पन्नाशीला आले.

तीन आठवड्यांनी, वर्ग चालू असताना, भाऊसाहेबांनी मला ग्रामपंचायतीत बोलावलं. आबा खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांचा मेव्हणा. टेबलावर प्रोसिडिंग उघडं, तेच पान.

"बस बाळ," आबा म्हणाले. "तेवढ्या ओळी भरून टाक. भाऊसाहेब सांगतील तसं लिही."

मी लिहायला बसले. भाऊसाहेब सांगत गेले. ऐनवेळचा विषय क्रमांक एक. गावातील जुनी चावडी विनावापर पडून असल्यामुळे…

माझं पेन थांबलं. मी त्याच सकाळी सात वाजता तिथून उठून आले होते. किल्ली गळ्यात होती, फ्रॉकच्या आत, कातडीला गार लागत होती.

"भाऊसाहेब, तिथं आम्ही बसतो की."

भाऊसाहेब हसले. "तुमी म्हंजी कोण? मतदार यादीत नाव हाय का तुमचं? सही हाय का ह्या पानावर? मंग? कागदावर ती खोली इनावापरच."

"पण परीक्षा…"

"अगं, दूध केंद्र व्हतंय गावात," आबा समजुतीनं म्हणाले. "समद्यांचं भलं हाय. आन् दूध काय, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. दुपारी खोली मोकळीच की. बसा दुपारी."

दुपारी आम्ही शाळेत असायचो. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

"दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या," असं मी म्हणाले का? नाही. खरं तर तेवढं जरी म्हणाले असते तरी पुरे होतं. कारण पुढचं वाक्य भाऊसाहेबच बोलले, "आक्षर जुळलं पायजे ना मंदे. तुझ्याबिगर दुसऱ्याला जमायचं नाय." माझ्याशिवाय ते होणार नव्हतं! आख्ख्या गावात त्या क्षणी एका माणसाच्या हातात ती खोली होती, आणि ते माणूस पंधरा वर्षांची मी होते. सरपंच काही करू शकत नव्हते, ग्रामसेवक काही करू शकत नव्हते. ज्यांच्या सह्या घेऊन झाल्या होत्या ते तर कुठल्या कुठं राहिले. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत नागरिकशास्त्र होतं, हक्क आणि कर्तव्यांचा धडा मला तोंडपाठ होता, पण 'नाही' म्हणायचं असतं हे त्या धड्यात नव्हतं. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, हे मात्र घरी-दारी सगळ्यांनी शिकवलं होतं.

मी लिहिलं. आठ ओळींत बरोबर बसवलं. भाऊसाहेबांनी खिशातलं शाईपेन काढून मला बक्षीस दिलं. निघताना आबा म्हणाले, "किल्ली दिऊन जा बाळ." मी मान वाकवून नाडा गळ्यातून काढला. तो केसांत अडकला, तर आबांच्या मेव्हण्यानं तो सोडवायला मदत केली. इतकी माणसं प्रेमळ.

दुसऱ्या दिवशी चावडीत मेव्हण्याच्या दूध केंद्राचे कॅन आले. आम्ही अकराजण आबांच्या ओसरीवर गेलो. हो, मीही गेले. तोंड शिवल्यागत मागं उभी राहिले. पोरांनी सांगायचं ते सांगितलं, आबांनी शांतपणे ऐकलं आणि मेव्हण्याला वही आणायला लावली.

"लेकरांनो, मी कोण देणार आन् मी कोण नेणार? ग्रामसभेचा ठराव हाय. तुमच्याच बापांच्या सह्या हायेत. बघा."

पोरं वाकून आपापल्या बापाची सही बघायला लागली. कौसा पुढं झाली. तिनं ते पान वरपासून खालपर्यंत बघितलं, सावकाश. खाली आईचा अंगठा होता. मी तिच्या मानेकडं बघत होते, तिथं केसांच्या मुळाशी पीठ होतं. ती वळली, माझ्याजवळून गेली आणि पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "आईचा आंगठा मीच धरला व्हता."

माझ्याबद्दल काहीच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पोरं कुणी मळ्यात गेली, कुणी देवळाच्या ओट्यावर. पोरींना तसं कुठं जाता येत नाही. दोघी-तिघी आमच्या घरी यायच्या. कौसाही दोन दिवस आली, मग यायची थांबली. मी बोलवायला गेले नाही. गिरणीवरून जाताना एकदा तिचा आवाज ऐकला. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ती निबंध म्हणत होती. "माय व्हिलेज इज अ ब्यूटिफुल व्हिलेज!" घसा ताणून, भांडल्यासारखी. डबा घेऊन उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी रस्ता बदलला.

पळस फुलला होता त्या दिवसांत. करमाडला पेपराला जाताना बैलगाडीतून दोन्ही बाजूंनी नुसता लालभडक पळस. कौसा गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. इंग्रजीच्या पेपरात तो निबंध आला नाही. 'माझं गाव' आलाच नाही, दुसरंच काहीतरी आलं. मी माझा पेपर भाऊसाहेबांच्या पेनानं लिहिला. पेन चांगलं होतं, कुठं अडलं नाही.

निकाल लागला. मी पास झाले. कौसा इंग्रजीत गेली, बाकी सगळ्यांत पास, गणितात माझ्यापेक्षा पुढं. तुळशीची लग्नं झाली आणि आठवड्यात तिचं लागलं. बाप शब्दाचा पक्का. नवरा वाळूजला कंपनीत. मांडवात मी तिला मेंदी लावायला बसले होते. आमच्यात मेंदीचं माझंच काम असायचं, हात स्थिर म्हणून.

माझी नोकरी माझ्या अक्षरानंच लावली. मुलाखतीत साहेबांनी अर्ज हातात धरून म्हटलं होतं, "वा, मोत्यासारखं अक्षर." सभांची इतिवृत्तं लिहिण्यातच माझी सगळी नोकरी गेली. आणि विचाराल तर सांगते, मोकळ्या ओळी मी नंतरही सोडल्या. साहेब म्हणाले, सोडल्या. साहेब म्हणाले, भरल्या. सवय एकदा लागली की लागली. आता सगळं संगणकावर, तिथं ओळी सोडाव्याही लागत नाहीत, मधे कुठंही घुसवता येतात. ही प्रगती!

दूध केंद्राचं काय झालं? दोन वर्षांत बंद पडलं. चावडीला कुलूप लागलं ते आजतागायत आहे. खिडकीतून बघितलं तर आत गंजलेले चार कॅन पडलेले दिसतात. परत कुणी ती उघडली नाही. अकरा लेकरांना उठवून गावानं तिथं भंगार बसवलं.

गेल्या आठवड्यात गावच्या शाळेतून निरोप आला. बालसभा आहे, तुम्ही गावची लेक, मुलांना हक्क आणि जबाबदाऱ्यांवर दोन शब्द सांगा. मी गेले. परीक्षा तोंडावर, तरी दहावीची पोरंच खुर्च्या मांडत होती. पोरांनी मागण्या केल्या. शाळेच्या मुताऱ्यांना दारं हवीत. एसटी गावात यावी. एक पोरगा म्हणाला, "बसायला खोली हवी, घरी टीव्ही चालू आसतो." नवे ग्रामसेवक, तरणाबांड माणूस, प्रत्येकाला म्हणत होते, "नोंद घेतली, नोंद घेतली." आणि नोंद घेत होती आरती नावाची एक मुलगी, तेल लावून चापून बसवलेल्या वेण्या, जीभ दातांत धरून. अक्षर सुंदर. मी वाकून बघितलं. खाली लिहिलेलं होतं, ऐनवेळचे विषय. आणि त्याखाली पांढरा कागद.

"हे काय गं?"

"सरांनी सोडायला सांगितलं."

"आडव्या रेघा मार त्याच्यावर."

तिनं आधी ग्रामसेवकांकडं बघितलं, मग वहीकडं. "पान खराब दिसंल, मॅडम," ती कळवळून म्हणाली.

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन रेघा ओढल्या. वेड्यावाकड्या. "खाली तुझं नाव लिही," मी म्हणाले. "माझं चालत नाय, मी पंधराची हाय," ती म्हणाली. "चालू दे नाहीतर नको चालू दे. लिही." तिनं लिहिलं, पण डोळे भरून आले होते तिचे. पान खराब झालं म्हणून. ग्रामसेवक हसून म्हणाले, "आसू द्या मॅडम, नवीन पानावर घेऊ परत." भाषणात मी काय बोलले ते मला आठवत नाही.

तिथून मी सरळ गिरणीवर गेले. नवऱ्याचं वाळूजचं काम सुटलं, बाप वारला, तेव्हापासून कौसाच गिरणी चालवते. भुवया आता पिठानं पांढऱ्या की वयानं, ते ओळखू येत नाही. तिनं मला बघितलं, गिरणी बंद केली, पदरानं पाट पुसून बसायला दिला. मी गावात आले की आम्ही नेहमी भेटतो. पोरांचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. त्या दिवशी मात्र मी भरात होते. आरतीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं. आणि मग, इतक्या वर्षांनी, म्हणाले, "कौसे, त्या आठ ओळी मी लिहिल्या होत्या."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "तुझं आक्षर मी वळखणार नाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

ती हातावरचं पीठ चोळत बसली. गिरणी बंद असली की ते घर किती शांत असतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

"त्या दिवशी आबाच्या ओसरीवर मी आईचा आंगठा बघत नव्हते, मंदे. तुझ्या त्या ओळी बघत व्हते. परत परत बघितल्या. म्हनलं, जबरदस्तीनं लिहून घेतलं आसंल, कुठंतरी हात थरथरला आसंल, कुठंतरी शाई सांडली आसंल. एक खाडाखोड नव्हती गं."

मग ती उठली, पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. बाहेर दोन बाया डबे घेऊन थांबल्या होत्या.